मानवी, पण माणसासाठी नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज एका छोट्याशा कुपीबद्दल बोलायचं आहे. करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी. आत पाण्यासारखा दिसणारा एखादा थेंब, आणि त्या थेंबात शंभर मायक्रोग्रॅम प्रथिन. म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. तुमच्या डब्यातल्या साखरेचा एक दाणा काट्यावर ठेवला तर तो याहून जड भरेल. कुपीवर चिठ्ठी असते. पहिल्या ओळीत प्रथिनाचं नाव, 'आरपीएस19'. दुसऱ्या ओळीत 'मानवी'. तिसरीत हे प्रथिन कुठे तयार केलं ते, म्हणजे बहुतेक वेळा 'ई. कोलाय' नावाच्या जिवाणूत. आणि चौथी ओळ अशी असते : 'फक्त संशोधनासाठी. उपचारासाठी वापरू नये.'

पुण्यातल्या प्रयोगशाळेत अशी प्रथिनं शुद्ध करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. ती चौथी ओळ आम्हा लोकांच्या इतकी सवयीची असते, की ती डोळ्यांना दिसतच नाही. तिचा अर्थ कुणाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली ती कळंबमुळे.

कळंब नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. मी म्हणते ते इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला लागून असलेलं. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख. तिथं माझे चुलतभाऊ राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्या भागातल्या एका साखर कारखान्यात ते पॅनमन होते. ज्यांना कारखाना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : पॅनमन म्हणजे उकळत्या पाकात साखरेचा दाणा नेमका केव्हा बसतो, हे काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन नजरेनं ओळखणारा माणूस. पुस्तकातून शिकता येणारं हे काम नव्हे.

अण्णांच्या तीन वर्षांच्या नातीला जन्मापासून रक्त कमी. कमी म्हणजे पालक नि गूळ खाऊन भरून निघेल असं नाही. तिच्या शरीरात तांबड्या पेशी तयारच होत नाहीत. दर चार आठवड्यांनी तिला पुण्याला आणून रक्त चढवावं लागतं. आजाराचं नाव 'डायमंड-ब्लॅकफन ॲनिमिया'. डॉक्टरांनी जनुकाची तपासणी करून घेतली, आणि अहवालात दोष सापडला तो आरपीएस19 या जनुकात. घरातल्या एका शिकणाऱ्या मुलानं ते नाव इंटरनेटवर टाकलं. त्याच नावाचं प्रथिन, तयार, शुद्ध केलेलं, विकायला ठेवलेलं दिसलं. त्यानं फोटो अण्णांना दाखवला, अण्णांनी मला पाठवला. पाठोपाठ फोन आला.

"ताई, पोरीत हे कमी हाय असं डाक्टर म्हणत्यात. हितं तेच इकत मिळतंय. किंमत लई हाय, पर बघू. ह्याच्यावर 'मानवी' लिव्हलंय. मग माणसाला का चालत न्हाई?"

प्रश्न अगदी रास्त आहे. साखरेच्या रोग्याला इन्सुलिन कमी पडतं, आपण ते बाटलीतून देतो. मग हे का नाही? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आजचं हे भाषण.

आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार करणारी अतिसूक्ष्म यंत्रं असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. 1955 साली जॉर्ज पलाडे या शास्त्रज्ञानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांचं वर्णन केलं. तेव्हा ते नुसते ठिपके दिसले होते. पेशीच्या केंद्रकातून आरएनएच्या धाग्यावर लिहिलेली कृती बाहेर येते, रायबोसोम ती वाचतो आणि एकामागून एक अमिनो आम्लं जोडत जातो. हिमोग्लोबिन, इन्सुलिन, केस, स्नायू, सगळं याच यंत्रातून येतं.

हे यंत्र स्वतः कशाचं बनलेलं आहे? माणसाच्या रायबोसोममध्ये आरएनएचे चार धागे आणि ऐंशी वेगवेगळी प्रथिनं असतात. लहान भागात तेहतीस, मोठ्या भागात सत्तेचाळीस. आरपीएस19 हे लहान भागातलं एक, 145 अमिनो आम्लांचं. (त्याचं जनुकही 19व्याच गुणसूत्रावर आहे, पण तो निव्वळ योगायोग.) म्हणजे प्रथिनं तयार करणारं यंत्र बनवायला प्रथिनंच लागतात, आणि ती प्रथिनं आधीचे रायबोसोम तयार करतात. विरजण लावायला आधीचं दही लागतं, तसंच.

या यंत्राची आतली रचना समजायला मात्र पुढची पंचेचाळीस वर्षं जावी लागली. त्यासाठी रायबोसोमचे स्फटिक करावे लागतात, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेकांना ते अशक्य वाटायचं. इस्राएलच्या अदा योनाथ यांनी चिवटपणे ते केलं. उष्ण पाण्यात आणि मृत समुद्राच्या खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे रायबोसोम दणकट असतील, या हिशेबानं त्यांनी तेच निवडले. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी दाणा बसवायचंच काम की!" खरंच आहे ते. 2009 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल योनाथ, टॉमस स्टाइट्झ आणि चिदंबरमला जन्मलेले, बडोद्याला शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन या तिघांना मिळालं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या वेळी रामकृष्णन भारतीय की अमेरिकी यावरच रकाने भरले. रायबोसोम बिचारा शेवटच्या परिच्छेदात राहिला.

जिवाणूंचे रायबोसोम आपल्याहून वेगळे असतात. ही गोष्ट आपल्या घराघरांत पोचलेली आहे, फक्त या नावानं नाही. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शन आपल्याकडे कित्येकांनी घेतलं असेल. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ते तयार होत असे. ते औषध जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन चिकटतं आणि त्याचं वाचन बिघडवतं. आपला रायबोसोम वेगळ्या घडणीचा, म्हणून आपण वाचतो.

आता त्या कुपीकडे येऊ. माणसाचं प्रथिन जिवाणूत कसं तयार करतात? आरपीएस19च्या कृतीची एक सुटसुटीत प्रत काढायची. ती प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यात जोडायची आणि ते कडं जिवाणूत सोडायचं. दोन ठिकाणचे डीएनए असे एकत्र जोडले म्हणून याला पुनर्संयोजित, किंवा आमच्या रोजच्या बोलीत रिकॉम्बिनंट, प्रथिन म्हणतात. हे तंत्र 1973 पासूनचं. मग जिवाणू खळात वाढवायचे. हा खळ म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा चुरा, मीठ आणि यीस्टचा अर्क. यीस्ट मोठ्या प्रमाणावर वाढवतात ते उसाच्या मळीवर, त्यामुळे कळंबचा ऊस प्रयोगशाळेपासून वाटतो तितका लांब नाही. चांगल्या खळात हे जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. पुरेसे झाले, की त्यांना एक रसायन देतो. हे रसायन दुधातल्या साखरेची नक्कल करतं. जिवाणूला वाटतं साखर आली, आणि तो कामाला लागतो. पण ही साखर त्याला पचवता येत नाही, म्हणून ती संपतही नाही, आणि तो आपलं प्रथिन करतच राहतो. जवळजवळ लबाडीच आहे ही, पण सगळ्या जगात रोज चालते.

यातली मला नेहमी नवल वाटणारी गोष्ट अशी, की ई. कोलायच्या स्वतःच्या रायबोसोममध्ये या प्रथिनाला जागाच नसते. त्याच्याकडे 'एस19' नावाचं एक प्रथिन आहे खरं, पण ते नावबंधू, नात्यातलं नव्हे. आपल्या आरपीएस19चा भाऊबंद कुठल्याच जिवाणूत नाही. म्हणजे जिवाणूचा रायबोसोम आठ-दहा सेकंदांत माणसाच्या रायबोसोमचा असा एक भाग जोडून देतो, जो त्याच्या कधीच उपयोगाचा नाही.

पुढचं काम शुद्धीकरणाचं. कारखान्यातल्या सेंट्रिफ्युगलमध्ये साखर आणि मळी वेगळी होते, तशी आमच्या यंत्रात पेशी आणि खळ वेगळा होतो. पेशी फोडायच्या. प्रथिनाच्या टोकाला आधीच सहा हिस्टिडिनची शेपटी लावून ठेवलेली असते. ती शेपटी निकेलला पकडते. निकेल लावलेल्या मण्यांच्या नळीतून सगळा रस सोडला, की आपलं प्रथिन अडकतं, बाकीचं वाहून जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण रायबोसोमची प्रथिनं हट्टी असतात. त्यांच्यावर धन विद्युतभार भरपूर असतो, कारण त्यांना आरएनएला बिलगून राहायचं असतं. एकटी ठेवली की ती मिळेल त्या डीएनए-आरएनएला चिकटतात, नाहीतर एकमेकांत गोळा होऊन खाली बसतात. रात्री स्वच्छ दिसलेली नळी सकाळी दुधासारखी पांढरी झालेली असणं हा या धंद्यातला नित्याचा अनुभव. म्हणून त्या एका थेंबाची किंमत तशी असते.

एवढं करून हाती आलेलं प्रथिन खरंखुरं मानवी असतं, शेपटी सोडली तर अमिनो आम्लांचा क्रम तोच. तरी ते औषध का नाही?

इन्सुलिनचं पाहा. 1978 साली अमेरिकेत जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करून घेतलं, 1982 मध्ये त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. त्याआधी ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. इन्सुलिन हे निरोप्याचं काम करतं. ते रक्तातून फिरतं आणि पेशीच्या बाहेरच्या दारावर थाप मारतं. आत जाण्याची त्याला गरज नाही. म्हणून सुईनं रक्तापर्यंत पोचवलं की काम झालं. हेपटायटिस बीच्या लशीचंही तसंच. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं भारतात तयार केलेली ही लस पहिल्यांदा 1997 साली बाजारात आणली. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे. विषाणूचं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. टोचल्यावर ते शरीराच्या पहारेकऱ्यांना नुसतं दिसायला हवं, बस्स.

आरपीएस19ची गोष्ट निराळी. त्याचं काम पेशीच्या आत, त्यातही केंद्रकाच्या आत, केंद्रिका नावाच्या ठिकाणी, जिथे रायबोसोमची जुळणी चालते. शिरेतून दिलेलं प्रथिन तिथवर पोचतच नाही. अस्थिमज्जेतल्या कोट्यवधी पेशी, प्रत्येकीचं आवरण, त्यात केंद्रकाचं आवरण. आणि जुळणी क्षणोक्षणी चालू. वाढत्या पेशीत मिनिटाला काही हजार रायबोसोम तयार होतात. बाहेरून पुरवठा करून हे भागणारं नाही.

नुसतं निरुपयोगी असतं तर एक वेळ ठीक. ते धोक्याचंही आहे. ई. कोलाय फोडला की त्याच्या आवरणाचं विष रसात मिसळतं. त्याचा अगदी अल्प अंशही रक्तात गेला तर थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळू शकतो. औषधी इन्सुलिनमधून ते काटेकोरपणे काढून टाकलेलं असतं, दर वेळी तपासलेलं असतं. संशोधनाच्या कुपीत ते सहसा काढलेलं नसतं, कारण काचेच्या नळीला ताप येत नाही. शिवाय आरपीएस19ची दोन प्रथिनं जोडीनं बांधली गेली आणि पेशीबाहेर आली, तर ती रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना आपल्याकडे बोलावतात, असं आढळलेलं आहे. पेशीच्या आत यंत्राचा भाग, बाहेर मात्र हाकाटी. 'मानवी' या शब्दाचा त्या चिठ्ठीवरचा अर्थ इतकाच, की कृती माणसाची आहे. कुणासाठी, हे तो शब्द सांगत नाही. ते चौथी ओळ सांगते.

हे सगळं ऐकून अण्णा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, "मग ठिवलंय कशाला इकायला?"

तर त्या आजाराबद्दल आज जे कळलंय, त्यातलं बरंचसं अशा कुप्यांमुळे. 1938 साली डायमंड आणि ब्लॅकफन या अमेरिकी डॉक्टरांनी या मुलांचं वर्णन केलं, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. दर दहा लाख जन्मांमागे पाच-सात मुलं. पहिल्या वर्षातच पांढरी पडणारी, काहींचा अंगठा वेगळ्या घडणीचा, काहींची उंची कमी. 1999 मध्ये आरपीएस19चा दोष सापडला. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तोच असतो. बाकीच्यांत रायबोसोमच्या इतर प्रथिनांचे, आणि आता अशी वीसहून जास्त जनुकं माहीत झाली आहेत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या मुलांत एक चांगली, एक बिघडलेली. म्हणजे प्रथिन असतं, पण गरजेपेक्षा कमी.

आता प्रश्न असा, की 145 जागांपैकी एखाद्या जागेचं अमिनो आम्ल बदललं, तर ते बदलणं घातक की निरुपद्रवी? अहवालावर नुसतं अक्षर नि आकडा लिहिलेला असतो. ते ठरवायला तेच प्रथिन जिवाणूत तयार करतात, एक चांगलं, एक बदललेलं, आणि घडी नीट बसते का पाहतात. 2007 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी या प्रथिनाच्या एका जवळच्या भावाचा, खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांपाशी राहणाऱ्या सूक्ष्मजीवातल्या प्रथिनाचा, आकार शोधून काढला आणि रुग्णांतले बदल त्यावर मांडून पाहिले. त्यांचे दोन गट पडले. काही बदलांनी प्रथिनाची घडीच मोडते. काहींनी घडी शाबूत राहते, पण पृष्ठभागावरची पकड सुटते, आणि प्रथिन रायबोसोमच्या जुळणीत बसत नाही. 62व्या जागेवरच्या आर्जिनिनचा बदल या दुसऱ्या गटातला. तो रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा सापडतो.

रायबोसोम तर सगळ्याच पेशींत, मग फक्त रक्तच का आटतं? हे कोडं बरीच वर्षं छळत होतं, अजून पूर्ण सुटलेलं नाही. शरीर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करतं, एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू भरायचे असतात. एवढ्या घाईच्या कामाला यंत्रं कमी पडली तर आधी तिथेच खोळंबा होणार. 2014 मध्ये आणखी एक दुवा मिळाला. तांबडी पेशी घडवण्याचा हुकूम देणारं गाटा1 नावाचं प्रथिन आहे, रायबोसोम कमी पडले की त्याचंच उत्पादन विशेष घटतं. दुसरीकडे, जुळणी अडली की रायबोसोमची काही प्रथिनं सुटी राहतात आणि पी53 नावाची पेशीतली धोक्याची घंटा वाजते. पेशी वाढणं थांबवते किंवा स्वतःला संपवते.

कुपीतलं प्रथिन आत नेता येत नाही, पण कृती नेता येईल. 2014 सालीच स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात हा आजार असलेल्या उंदरांच्या मज्जापेशींत विषाणूवाहकानं आरपीएस19चं चांगलं जनुक घालून त्यांचं रक्त सुधारलं. माणसाच्या बाबतीत हा मार्ग अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. तेव्हा अण्णांच्या नातीच्या डॉक्टरांपुढे आज आहेत ते तीनच रस्ते.

एक, स्टिरॉइडच्या गोळ्या. सुमारे ऐंशी टक्के मुलांना सुरुवातीला त्यांचा गुण येतो. का येतो, याचा उलगडा अजून अर्धवटच आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला त्या शक्यतो देत नाहीत, कारण वाढ खुंटते. दुसरा, रक्त चढवत राहणं. यात मेख अशी, की रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. म्हणून लोह उतरवणारं औषध रोज घ्यावं लागतं. मूल बरं दिसतंय म्हणून ते थांबवणारी कुटुंबं असतात, आणि त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते.

तिसरा रस्ता अस्थिमज्जा बदलण्याचा. तिची मज्जा सख्ख्या भावाशी जुळेल का, असं अण्णांच्या घरी विचारणं चालू होतं. जुळणं हा एक भाग झाला. पण हा दोष घरात गुपचूप राहू शकतो. एकाच घरात एका मुलाला रक्त चढवावं लागतं, आणि तोच दोष असलेला दुसरा भाऊ धडधाकट शेतात राबतो. त्याची मज्जा दिली तर आजारच परत दिल्यासारखं होईल. म्हणून दाता ठरवण्याआधी त्या भावाच्या आरपीएस19ची तपासणी करतात, तो कितीही ठणठणीत दिसला तरी. तीच तपासणी आईवडिलांचीही व्हावी लागते. दोघांपैकी एकात दोष निघाला, तर पुढच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोघंही निर्दोष निघाले, तर तो बदल बहुधा या मुलीतच नव्यानं झालेला असतो, आणि पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता फार थोडी.